इंग्लंडमधले गावचे चर्च आणि अडचणीतला शेतकरी

शेतीवर संकट आले की सरकार पंचनामा करते, बँक नोटीस काढते आणि पुढारी भेट देऊन जातात. पण या तिघांच्या आधी शेतकऱ्याच्या ओट्यावर येऊन बसणारा माणूस कोण? हा प्रश्न फक्त आपल्याकडचाच आहे असे नाही. इंग्लंडसारख्या सधन देशातही तो आहे. तिथल्या खेड्यापाड्यांत हे काम बऱ्याच अंशी गावच्या चर्चने केले. ते कसे केले आणि आता ते का अवघड होत चालले आहे, हे आपले शेतकरी बंधू-भगिनी आणि गावचे कारभारी यांनी समजून घेण्यासारखे आहे.

पॅरिश म्हणजे काय?

इंग्लंडचे अधिकृत चर्च म्हणजे अँग्लिकन पंथाचे ‘चर्च ऑफ इंग्लंड’. (आपल्याकडे या पंथाच्या मंडळ्या २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला स्थापन झालेल्या ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’मध्ये इतर काही पंथांबरोबर सामील झाल्या.) या चर्चने सगळा देश पॅरिशांमध्ये वाटून टाकलेला आहे. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतले गाव आणि शिवार. वाडी असो की वस्ती, प्रत्येक घर कुठल्या ना कुठल्या पॅरिशमध्ये येतेच.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की गावच्या पाळकाची जबाबदारी फक्त रविवारी उपासनेला येणाऱ्यांपुरती नसते. हद्दीत राहणारा प्रत्येक माणूस त्याचा. चर्चची पायरी कधी न चढलेल्या गावकऱ्यालाही तिथे लग्न लावण्याचा आणि आवारात जागा असेल तर मूठमाती मिळण्याचा हक्क असतो. चर्चची मालमत्ता आणि व्यवस्था पाहणारे दोन चर्चवॉर्डन दरवर्षी निवडले जातात. त्या निवडीत गावच्या मतदारयादीतला माणूसही मत देऊ शकतो.

तसं पाहिलं तर जुन्या काळी पॅरिश हीच तिथली ग्रामपंचायत होती. १५५५ च्या कायद्याने रस्त्यांची डागडुजी पॅरिशकडे आली. १६०१ च्या कायद्याने गोरगरीब, म्हातारेकोतारे यांच्या पोटाची व्यवस्था तिच्याकडे आली आणि त्यासाठी गावातून कर गोळा होऊ लागला. १८९४ साली कायदा होऊन खेड्यांत निवडून आलेल्या वेगळ्या पॅरिश कौन्सिल झाल्या, तेव्हा कारभार आणि धर्म यांची फारकत झाली. कारभार गेला, पण गावाची विचारपूस करण्याची सवय चर्चकडे राहिली.

औतफाट्यापासून सुगीपर्यंत

या चर्चचे वर्ष शेतीच्या वर्षाशी बांधलेले आहे. जानेवारीत ‘नांगराचा रविवार’ येतो. त्या दिवशी नांगर चर्चमध्ये आणून नव्या हंगामासाठी प्रार्थना करतात. वसंतात पाळक आणि गावकरी शिवाराच्या हद्दीने फिरून पिकासाठी प्रार्थना करतात. १ ऑगस्टला ‘लॅमस’, म्हणजे नव्या गव्हाच्या पावाचा दिवस. आपल्या नवान्नाच्या जवळचाच हा प्रकार. सुगी संपली की कापणीचा सण. आज दिसतो त्या स्वरूपात हा सण कॉर्नवॉलमधल्या मॉर्वेनस्टो गावचे पाळक रॉबर्ट स्टीफन हॉकर यांनी १८४३ साली सुरू केला, असे मानतात. आता अनेक ठिकाणी त्या दिवशी जमलेले धान्य आणि डबाबंद जिन्नस गरजू कुटुंबांना वाटतात.

हे नुसते सणवार नव्हेत. वर्षातून तीन-चार वेळा पाळकाचा पाय आनंदाच्या निमित्ताने बांधावर पडतो. मग वाईट दिवस आले तर तो दारात परका वाटत नाही. आपल्याकडे पोळ्याला जो माणूस बैलाला नैवेद्य दाखवायला येतो, त्याच्यापाशीच बैल मेल्याचे दुःख बोलता येते. तसेच हे आहे.

लाळ्या-खुरकुताचे साल

याची खरी कसोटी २००१ साली लागली. २० फेब्रुवारी २००१ रोजी ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकूत आल्याचे जाहीर झाले. आपल्याकडे या रोगावर आपण लस टोचतो आणि जनावर सांभाळतो. तिथे निर्यातीसाठी देश रोगमुक्त ठेवायचा म्हणून रोगी कळप तर मारायचाच, पण शेजारच्या शेतातली धडधाकट जनावरेही मारायची, असे धोरण राबवले गेले. ३० सप्टेंबरला शेवटची नोंद होईपर्यंत २०२६ ठिकाणी रोग सापडला आणि साठ लाखांवर जनावरे मारली गेली. उत्तरेकडच्या कंब्रिया परगण्याला सर्वांत मोठा फटका बसला. तिथे ग्रेट ऑर्टन गावाजवळच्या जुन्या विमानतळावर लांबच लांब चर खणून लाखो जनावरे पुरली.

ज्यांची जनावरे मारली त्यांना भरपाई मिळाली. पण ज्यांची जनावरे जिवंत राहिली त्यांचे हाल वेगळेच होते. जनावर हलवता येईना, विकता येईना, चारा संपत आलेला आणि हातात पैसा नाही. २०२२ साली आपल्याकडे लम्पी आला आणि जनावरांचे बाजार बंद झाले, तेव्हा ज्यांनी हे दिवस काढले त्यांना यातली कळ सांगायला नको.

त्यातच पायवाटा बंद, बाजार बंद, लोकांचे जमणे बंद. रोग आपल्या पायाने दुसऱ्याच्या गोठ्यात जाईल या भीतीने माणसे आठवडेच्या आठवडे घराबाहेर पडेनात. पाळकालाही फाटकाच्या आत जाता येईना. मग त्यांनी फोन हाती घेतला. घराघरांत फोन करून चौकशी करणे, रडणाऱ्याला रडू देणे, एवढेच पुष्कळ ठिकाणी हाती होते. अडलेल्या शेतकऱ्यांना रोख मदत पोचवण्यासाठी चर्चच्या पुढाकाराने त्याच वर्षी ‘अ‍ॅडिंग्टन फंड’ उभा राहिला. पुढे हा फंड शेती सोडावी लागलेल्या कुटुंबांना राहायला घर मिळवून देऊ लागला. शेती गेली की राहते घरही जाते, हे कुळाने शेती करणाऱ्याला तिथेही चुकलेले नाही.

या साथीनंतर लँकेस्टर विद्यापीठाने कंब्रियातल्या ५४ जणांकडून १८ महिने दर आठवड्याला रोजनिशी लिहून घेतली. त्यात शेतकरी होते, तसे जनावरांचे डॉक्टर, गाडीवाले, दुकानदारही होते. दिसले असे की साथ संपल्यावरही धक्का संपला नव्हता आणि तो फक्त शेतकऱ्यालाच बसला नव्हता. जनावरांची भरपाई मोजता येते, पण गावाच्या मनाला बसलेला मार पंचनाम्यात येत नाही.

फोनच्या पलीकडे आपलाच माणूस

ही व्यवस्था एका दिवसात उभी राहिली नव्हती. १९७२ साली स्टोनले येथे, राष्ट्रीय कृषी केंद्राच्या मैदानावर, निरनिराळ्या चर्चेसनी मिळून ‘आर्थर रँक सेंटर’ सुरू केले होते. १९९० साली चर्च ऑफ इंग्लंडने नेमलेल्या आयोगाचा खेड्यांबद्दलचा मोठा अहवाल आला. १९९५ साली या केंद्राने आणि एका कृषी ख्रिस्ती संघटनेने मिळून ‘फार्म क्रायसिस नेटवर्क’ काढले. त्याचेच आजचे नाव ‘फार्मिंग कम्युनिटी नेटवर्क’. पुढच्याच वर्षी, मार्च १९९६ मध्ये, गाईंच्या ‘मॅड काऊ’ रोगाचा संबंध माणसाच्या आजाराशी असल्याचे सरकारने जाहीर केले आणि ब्रिटिश गोमांसाची निर्यात बंद झाली. म्हणजे माणसे तयार होत होती, तोवर संकट दारात आले.

या संस्थेत सुमारे चारशे स्वयंसेवक आहेत. त्यातले बरेचसे स्वतः शेतकरी किंवा शेतीशी नाते असलेले. फोन वर्षाचे सगळे दिवस सकाळी ७ ते रात्री ११ चालू असतो. पण फोनवर बोलून काम संपत नाही. गरज असेल तर स्वयंसेवक घरी येतो, भीतीने न उघडलेली पत्रे शेजारी बसून उघडतो, कागद लावून देतो आणि वकील, बँक, डॉक्टर यांच्यापैकी कोणाकडे जायचे ते सांगतो. बाप-लेकाचे शेतीवरून बिनसले असेल तर दोघांचे ऐकून घेतो. निर्णय मात्र शेतकऱ्याचाच. मदतीला धर्माची अट नाही.

लिंकनशायरमध्ये १९९९ साली तिथल्या कृषी पाळकाच्या पुढाकाराने असेच एक मदतकेंद्र सुरू झाले. त्यांनी जनावरांच्या बाजारातच नर्स बसवून रक्तदाब, साखर तपासायला सुरुवात केली. दवाखान्यात न जाणारा शेतकरी बाजाराला मात्र येतोच, ही साधी गोष्ट त्यांनी हेरली. रक्तदाब मोजताना झोप लागते का, असे सहज विचारता येते. तिथून पुढे बोलणे निघते.

चर्चच अडचणीत

आता दुसरी बाजू. ज्या चर्चच्या जोरावर हे सगळे उभे राहिले ते स्वतःच ओसरत चालले आहे. चर्च ऑफ इंग्लंडची सुमारे सोळा हजार चर्चेस आहेत आणि त्यातली निम्म्याहून जास्त खेड्यांत. कित्येक शेकडो वर्षे जुनी. छप्पर गळले तर खर्च गावाने उभा करायचा. माणसे मात्र कमी होत आहेत. २०२४ साली सगळ्या देशात मिळून आठवड्याची सरासरी हजेरी सात लाखांच्या आसपास होती. एकेका पाळकाकडे पाच-सहा, कुठे दहा गावे. २०१९ साली तर प्रत्येक चर्चमध्ये दर रविवारी उपासना झालीच पाहिजे, हा १६०३ पासूनचा नियमच चर्चच्या सभेने सैल केला. एका सहायक कृषी अधिकाऱ्याकडे किती गावे असतात, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना पाळकाची अवस्था लगेच कळेल.

काही गावांनी यातून वाट काढली. हेरफर्डशायरमधल्या यारपोल गावाने २००९ साली आपले दुकान आणि पोस्ट थेट चर्चमध्ये आणले. इमारत वापरात राहिली आणि म्हाताऱ्या माणसांना पोस्टासाठी परगावी जाण्याची पाळी आली नाही. २०१८ साली चर्च आणि सरकार यांच्यात करार झाला, त्यानुसार खेड्यांतल्या चर्चच्या मनोऱ्यांवर इंटरनेट आणि मोबाईलची यंत्रे बसवायला चालना मिळाली. या गोष्टी चांगल्याच. पण दुकान आणि मनोरा शेतकऱ्याची चौकशी करत नाहीत, ती माणसालाच करावी लागते. म्हणून जिथे पाळक कमी झाले तिथे भार स्वयंसेवकांवर आला, आणि जिथे स्वयंसेवकही नाहीत तिथे गाव उघडे पडते.

आपण यातून काय घ्यायचे?

चर्चची नक्कल करा, असे कोणी म्हणणार नाही. आपल्या गावाला देऊळ आहे, मशीद आहे, विहार आहे, भजनी मंडळ आहे, बचतगट आहे, दूध सोसायटी आहे. घेण्यासारखी गोष्ट एकच: हद्दीतले एकही घर कोणाच्या तरी जबाबदारीबाहेर राहू नये.

आम्ही कृषी खात्याचे लोक गावात येतो तेव्हा हातात बहुधा फॉर्म असतो. शेतकरीही मग फॉर्ममध्ये जेवढे विचारले तेवढेच सांगतो. सातबारा, क्षेत्र, पीक, बँकेचा खातेक्रमांक. रात्री झोप लागत नाही हे लिहायला त्यात रकाना नसतो. म्हणून फॉर्म न घेता येणारा माणूस गावाला लागतो. तो सरकारी असला पाहिजे असे नाही, ओळखीचा असला म्हणजे झाले.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनी मनावर घेतले तर हे बिनपैशाचे काम आहे. ग्रामसभेत वस्तीवार दोन-दोन माणसे ठरवावीत, त्यात एक बाई असावी. पाऊस लांबला, गारपीट झाली, जनावर दगावले, वसुलीची नोटीस आली की त्यांनी आठवडाभरात त्या घरी जाऊन यावे. ऐकून घ्यावे, उपदेश करू नये आणि ऐकलेले चावडीवर आणू नये. घरातल्या बाईशीही बोलावे, कारण काय बिघडले आहे हे तिला आधी कळलेले असते. बोलण्यात जिवाचे बरेवाईट करण्याचा सूर दिसला तर त्या माणसाला एकटे सोडू नये, आशाताईंना आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा सरकारी मोफत नंबर रात्रंदिवस चालू असतो. तो दूध संकलन केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावा.

यारपोलकडे चर्च होते म्हणून त्यांनी चर्च वापरले. आपल्याकडे पार आहे, ओटा आहे. त्यावर बसणारे दोघे कोण, ते गावाने येत्या ग्रामसभेत ठरवावे. संकट आल्यावर माणसे शोधायला वेळ मिळत नाही.