दिवाणखान्यात खडपातलं डबकं

मैत्रिणींनो, ओहोटी लागली की कोकणच्या खडपांत पाण्याची लहानलहान डबकी उरतात. तसं एखादं घरी काचेत वसवायचं तर टाकी निदान शंभर लिटरची घ्यावी. लहान टाकीतलं पाणी चटकन बिघडतं. लोखंडी चौकट नको, गंजते. तळाशी वाळू नि वर काळे दगड, मध्ये लपायला कपारी.

स्वयंपाकाचं मीठ मात्र चालत नाही हं! समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियमही असतं. मत्स्यालयासाठी मिळणारं तयार मीठ लिटरला साधारण ३५ ग्रॅम घाला. पुढे पाणी उडालं की भर गोड्या पाण्याचीच घालायची. मीठ मागेच राहतं. (आटलेली आमटी खारट होते, तसंच!)

मुलं कितीही रुसली तरी चार-सहा आठवडे एकही जीव सोडू नका. हवेचा पंप चालू ठेवून चिमूटभर माशांचं खाद्य टाकत राहा. कुजण्यातून निघणारा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू त्यावरच वाढतात. मग दोन लहान मासे नि एखादा शंखातला खेकडा पुरे. त्याच्यासाठी मोठे रिकामे शंख ठेवा. अंग वाढलं की तो बिऱ्हाड बदलतो.

पोवळी नि समुद्रघोडे मात्र कुठूनही आणू नका, कायद्याने बंदी आहे. मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्यच आहे. तिथलं नुसतं पाहून यावं.