रुमणं हाताला, रायफल खांद्याला

या सदरात आजवर नांगर झाला, विळा-कोयता झाला, फवारणीचा पंपसुद्धा झाला. आज रायफलीवर लिहितो आहे म्हणून कुणी दचकू नका. शिकारीच्या गप्पा मारायच्या नाहीत. रायफल हेही एक अवजारच आहे, आणि अवजार अंगाला बसलं नाही तर माणूस स्वतःलाच कसा नालायक समजू लागतो, ते मी भाताच्या झोडणीच्या वेळी ताईच्या घरी पाहिलं.

ताईचं घर भिवंडी तालुक्यात, पडघ्याच्या बाजूला, नाशिक रस्ता सोडून आत. थोडी भातशेती, तीन म्हशी, आणि बांधावर उभं राहिलं की पलीकडे गोदामांचे पत्रे चमकताना दिसतात. भाची भिवंडीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. एन. सी. सी. त पॉइंट टू टू रायफल तिच्या हाती आली, नेम बरा लागला, आणि मग मुंबईच्या एका क्लबात ती रविवारी जाऊ लागली. तिच्या डोक्यात हे खूळ पक्कं केलं ते १ ऑगस्ट २०२४ च्या दिवसानं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे त्या दिवशी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तिन्ही स्थितींच्या स्पर्धेत ४५१.४ गुण मिळवून तिसरा आला. कऱ्हाडच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक आणलं होतं. त्यानंतर महाराष्ट्राच्या माणसाला वैयक्तिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली. मग खेड्यातल्या पोरीला वाटणारच की आपणही करावं!

मी गेलो तेव्हा मात्र ती गप्प गप्प होती. दाजी ओटीवर बसून म्हणाले, "जाणं बंद करतेय म्हणते. मीच म्हटलं, तुझं अंग नाही त्या कामाचं. नुसतं जाण्यायेण्याचं भाडं बघा! वर ते जाड जाकीट घेतलं, त्याला एका पारडीचे पैसे गेले."

भाचीला अंगणात नेलं आणि विचारलं, "काय होतं गं नक्की?"

"मामा, पहिल्या दहा गोळ्या चांगल्या जातात. मग बोल्ट ओढताना रायफल खांद्यातून सुटते. पुन्हा लावते, तर आधीच्या जागी बसत नाही. गोळ्या वर-खाली जातात. चाळीस गोळ्या झाल्या की हात थरथरतो. सर म्हणतात ताकद वाढव."

ज्यांनी बोल्टची रायफल हाताळलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रत्येक गोळीनंतर उजव्या हातानं बोल्टची मूठ वर उचलायची, मागे ओढायची, म्हणजे रिकामी पुंगळी बाहेर पडते. नवं काडतूस घालायचं, बोल्ट पुढे ढकलायचा, मूठ खाली पाडायची. तिन्ही स्थितींच्या स्पर्धेत, म्हणजे गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभ्यानं, वीस-वीस अशा साठ गोळ्या असतात, शिवाय सरावाच्या वेगळ्या. तितक्या वेळा हात जातो आणि येतो. हे चाललेलं असताना दस्ता खांद्यातून हलला नाही तर पुढची गोळी मागच्या गोळीच्या जागी जाते. दर वेळी हलला तर नेमबाज साठ वेळा नवीन सुरुवात करतो. मग थकेल नाही तर काय?

माझी उमेदीची वर्षं फौजेच्या शस्त्रागारात गेली. थ्री-नॉट-थ्री, म्हणजे ली-एन्फिल्ड, ही रायफल वाचकांपैकी अनेकांनी पोलिसांच्या खांद्यावर पाहिली असेल. तिचा मागचा लाकडी दस्ता एकाच मापाचा नव्हता, हे मात्र थोड्यांना ठाऊक असेल. नेहमीचा होता, अर्धा इंच लांब होता, अर्धा इंच आखूड होता, आणि अगदी ठेंगण्या शिपायासाठी पूर्ण एक इंच आखूडही होता. लाकडावर त्याची इंग्रजी अक्षरं ठोकलेली असत. साहेबाच्या फौजेनं शिपायाची ताकद कमी म्हणून त्याला परत पाठवलं नाही, लाकूड बदललं. आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? नांगराचं रुमणं उंच माणसाला आणि बुटक्या माणसाला एकच चालतं का? डावखुऱ्या बाईला उजव्या हाताचा विळा देऊन "कापत नाही" म्हणून कुणी बोल लावतं का? (लावतात म्हणा. माझ्या आईनं पन्नास वर्षं ऐकून घेतलं.)

क्लबातली रायफल चौघी-चौघांत मिळून वापरायची असते, तिथे गोम होती. दस्त्याच्या मागचं पान आणि गाल टेकायची फळी स्क्रूवर मागेपुढे, वरखाली होते. पण आदल्या मुलाच्या मापावर ती तशीच राहिलेली. तो मुलगा सहा फुटी. आमची पोर पाच फूट एक इंच. "हे हलवलं तर रागावतील" म्हणून तिनं कधी हात लावला नव्हता.

घरी रायफल नव्हती, आणि नसणंच बरं. म्हणून एक उद्योग केला. गावातल्या सुताराकडून सागाची एक पट्टी आणली. भाचीनं पुढच्या रविवारी क्लबात विचारून, रायफल रिकामी आहे हे दोघांनी पाहून, टेपनं दोन मापं घेतली: दस्त्याच्या टोकापासून चापापर्यंत किती, आणि चापापासून बोल्टच्या मुठीपर्यंत किती. ती पट्टीवर खडूनं आखली. मग तिचं ते जाड जाकीट अंगात घालायला लावलं. हे विसरू नका. जाकीट किंवा स्वेटर घातला की दस्ता आपोआप लांब होतो. पट्टी खांद्यात लावून डोळे मिटायला सांगितले, आणि म्हटलं, हात उचल आणि मुठीच्या खुणेवर ने. तिचा कोपर पार ताठ झाला, खांदा पुढे आला आणि पट्टी बगलेत सरकली. दाजी दारात उभे राहून बघत होते. एक शब्द बोलले नाहीत.

पट्टीचं टोक अर्धा-अर्धा इंच करून आत घेतलं. एक इंच कमी केल्यावर कोपर वाकलेला राहून हात सहज मुठीवर पोचू लागला. तिला वाटलं, झालं काम! पण एका टोकाला केलेला बदल दुसऱ्या टोकाला त्रास देतोच. दस्ता आखूड केला की तोंड पुढे येतं. पुढच्या रविवारी क्लबात प्रशिक्षकांनी इंचभर आखूड करून दिला, तर बोल्ट मागे येताना तिच्या नाकाशी येऊ लागला. तेवढ्यासाठी ती दर वेळी मान मागे घेई, म्हणजे गाल फळीवरून सुटे. दुखणं खांद्यातून मानेत गेलं. शेवटी पाऊण इंचावर जमलं. मग गालाची फळी थोडी मागे आणि जराशी खाली घेतली, बोल्ट तिला न घासता जाईल इतकी. तोंड पुढे आलं म्हणून नेमाचं मागचं भोकही तितकंच पुढे सरकवलं, म्हणजे डोळा डोळ्याच्या जागी राहिला. क्रम हाच ठेवायचा: आधी दस्ता, मग गाल, मग नेमाचं साधन. आणि सगळं बरोबर जमलं की नाही याची साक्ष बोल्टनं द्यायची. गाल न उचलता, खांदा न हलवता पाच वेळा बोल्ट उघडून मिटता आला पाहिजे, रिकाम्या रायफलीवर.

एवढं घरात चाललं हे गावभर झालं, आणि तिसऱ्या दिवशी शेजारच्या पाड्यावरचे एक निवृत्त हवालदार भुवईवर पट्टी लावून आले. त्यांच्याकडे परवान्याची तीनशे पंधरा बोअरची रायफल आहे. तिच्यावर त्यांनी मुंबईहून दुर्बीण बसवून घेतली होती. रेंजवर पालथं पडून पहिलाच बार काढला आणि दुर्बिणीची कडा भुवईत घुसली. शिवाय बोल्टची मूठ वर उचलताना दुर्बिणीच्या मागच्या टोकाला बोटं आपटत होती. दुकानदार म्हणाला होता, बोल्टची मूठ वाकवून घ्या. गावच्या लोहाराकडे टाकू का, असं विचारायला ते आले होते.

बरं झालं विचारलं. बोल्ट पाणी दिलेल्या पोलादाचा असतो. बार होतो तेव्हा काडतुसाचा सगळा जोर तोच अडवून धरतो. भट्टीत घातला की पाणी उतरतं, आणि मग तो बोल्ट तोंडासमोर असतो, हे ध्यानात घ्या. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दुरुस्तीसुद्धा परवानाधारकाकडूनच करायची असते.

मी त्यांना रायफल रिकामी करून, बोल्ट उघडा ठेवून आणायला सांगितलं आणि आधी दुर्बिणीकडे बघितलंच नाही. दस्ता बघितला. त्यांच्या हाताच्या मानानं तो लांब होता. म्हणून डोळा मागे राहत होता, पूर्ण चित्र दिसत नव्हतं, कडेला काळी कोर येत होती. म्हणून दुकानात त्यांनी उभ्यानं बघून दुर्बीण मागे ओढून घेतली. मागे ओढली म्हणून ती बोल्टवर लोंबू लागली आणि बोटं आपटू लागली. आणि पालथं पडल्यावर माणसाचं तोंड उभ्यापेक्षा पुढे येतं, म्हणून धक्क्यासरशी कडा भुवईत. तीन दुखणी, पण मूळ एक. लाकूड लांब.

दस्त्यामागची जाड रबरी गादी काढून पातळ बसवली की लाकूड कापावंही लागत नाही. कापलेलं लाकूड परत वाढत नाही, तेव्हा करवत शेवटी. हे काम त्यांनी परवानाधारक दुरुस्तीकाराकडून करून आणलं. मग दुर्बिणीच्या कड्या सैल केल्या. डोळे मिटून रायफल खांद्याला, गाल दस्त्यावर, आणि डोळे उघडायचे. मान न हलवता पूर्ण गोल चित्र दिसेपर्यंत दुर्बीण पुढे-मागे करायची. दुर्बीण मोठं-लहान दाखवणारी असेल तर सर्वांत मोठ्यावर ठेवून बघावं, कारण तिथे डोळ्याला जागा कमी मिळते. हे उभ्यानं, बसून आणि पालथं पडून, तिन्ही प्रकारे बघायचं, आणि पालथ्याला सोसेल इतकी ती पुढे ठेवायची. भुवई आणि काच यांत साधारण तीन ते साडेतीन इंच मोकळे राहिले पाहिजेत. हवालदारांची दुर्बीण इंचभर पुढे गेली, आणि मूठ मोकळी उचलली जाऊ लागली. काही रायफलींत मूठ जवळजवळ उभी होईपर्यंत उचलावी लागते. तिथे पुढे सरकवूनही अडलं तर थोड्या उंच कड्या घ्याव्यात. पण उंच कड्यांनी डोळा वर जातो आणि गाल अधांतरी राहतो. त्यावर चामड्याची शिवलेली गादी नाडीनं दस्त्यावर बांधली की गालाला टेकू मिळतो. मोची अर्ध्या दिवसात करून देतो.

दुर्बिणीतली उभी रेघ सरळ करायला आम्ही गवंड्याचा ओळंबा अंगणातल्या पेरूला टांगला. रायफल उशांवर ठेवून पाणसळीनं समतल केली, दुर्बीण फिरवून रेघ ओळंब्याच्या दोरीशी जुळवली. स्क्रू आवळताना ट्रॅक्टरच्या चाकाचे नट आवळतो तसे समोरासमोरचे, थोडे थोडे. एकच बाजू पूर्ण आवळली तर रेघ पुन्हा तिरपी होते. आणि हे सारं झाल्यावर रेंजवर जाऊन नेम नव्यानं लावावा लागतो, कारण दुर्बीण हलली म्हणजे जुना नेम गेला.

जाता जाता हवालदार म्हणाले, आता रानडुकराची खैर नाही. त्यांना तिथेच अडवलं. पिकाच्या राखणीचा परवाना असो की दुसरा, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली परवानगी असल्याशिवाय डुकरावर गोळी घालता येत नाही. नुकसान झालं तर वनखात्याकडे पंचनाम्याचा अर्ज करावा. त्यांना हे ठाऊक होतं, हसले आणि गेले.

भाचीचं म्हणाल तर ती अजून कुठल्या संघात निवडली गेलेली नाही. पण परवा तिनं कळवलं की साठच्या साठ गोळ्या झाल्या आणि हात थरथरला नाही. तिच्या वहीच्या मागच्या पानावर आता चार ओळी आहेत. एकेक ओळ एकेका मुलाची: दस्ता किती, गालाची फळी किती, नेमाचं भोक कितव्या खुणेवर. सहा फुटी मुलगाही तिच्याकडूनच माप विचारून स्क्रू फिरवतो म्हणे. दाजींनी जाकिटाचा विषय काढणं सोडलं आहे. उलट मला निघताना घरातला जुना कोयता दाखवून विचारलं, "याची मूठ माझ्या हाताला जाड होते का हो?"

होतेच आहे. त्या मुठीवर पुढच्या अंकात लिहीन.