ससा घाणेरडा नाही हो!

परवा विरारहून भाच्याचा फोन. "मावशी, त्या सशाचं आता काहीतरी करायला हवं. घरभर लेंड्या टाकतो, सोफ्यावर मुततो. रविवारी तुंगारेश्वरला नेऊन सोडून देतो, जंगलात सुखी राहील."

फोनवर मी फार बोलले नाही. पण राग गिळवत नाही, म्हणून इथे लिहिते आहे. मंडळी, तुमच्यापैकीही कोणी असंच केलं असेल तर वाचाच.

पहिली गोष्ट, जंगलात तो सुखी राहणार नाही. आपण मराठीत दोघांनाही 'ससा' म्हणतो, तिथेच घोटाळा होतो. तुंगारेश्वरच्या रानातला ससा बीळ खणत नाही, गवतात बैठक करून राहतो. तुमच्या घरचा पांढरा ससा युरोपातल्या, बिळात टोळीने राहणाऱ्या सशांचा वंशज. त्याला तिथे सोडणं म्हणजे कुत्र्यांना आणि मुंगसांना जेवण पोचवणं.

आणि घाण म्हणाल, तर टोळी आली की हद्द आली. ती आखायची लेंड्यांनी, मुताने आणि हनुवटी घासून. हनुवटीखाली गंधग्रंथी असतात, तो वास आपल्याला येतच नाही. माझे विद्यार्थी बाकावर कर्कटकाने नावं कोरायचे, त्यातलाच प्रकार. (स्टेशनच्या जिन्यात पिचकाऱ्या मारणाऱ्या माणसाने सशाला घाणेरडा म्हणावं, ही आणखी एक मौज.)

भाचा म्हणतो, "आधी शहाणा होता, चार महिन्यांचा झाला आणि बिघडला." अरे, बिघडला नाही, वयात आला! पशुवैद्याकडून नसबंदी करून घेतली की हे खुणा करणं बहुतेक कमी होतं, पण काही आठवडे धीर धरावा लागतो. नराला तुम्ही खेळणं म्हणून आणलंत, डॉक्टरकडे एकदा तरी नेलंत का?

बाकी ससा मुळात एक कोपरा धरणारा प्राणी. त्याने निवडलेल्या कोपऱ्यात पसरट ट्रे ठेवायचा, आत वर्तमानपत्राचे तुकडे, आणि एका टोकाला वाळलं गवत. खाता खाता लेंड्या टाकायची त्याची सवयच आहे. बाहेर पडलेल्या लेंड्या उचलून ट्रेमध्येच टाकायच्या, म्हणजे जागा कळते. मुताचा पांढरा डाग व्हिनेगरने पुसला की जातो. मूत कधी लालसर दिसतं, ते बहुतेक वेळा खाण्यातल्या रंगामुळे. तरी लाली टिकली किंवा त्याला त्रास होतोय असं वाटलं तर डॉक्टरला दाखवायचं. मऊ लेंड्या तो स्वतःच खातो, त्यालाही नाकं मुरडू नका. त्यातूनच त्याला पोषण मिळतं.

हे सगळं आणण्याआधी शिकायचं असतं, बाळा. पिंजऱ्याला तारेचा तळ, ट्रे नाही, गवत नाही, नुसती गाजरं! आणि नापास कोण झालं, तर म्हणे ससा.

असो. रविवारी तुंगारेश्वरला जाऊ नकोस. वसईला ये, त्याला घेऊन ये. आणि येताना तबेल्यावरून वाळल्या गवताची एक पेंढी आण.