भिंतीवरचा अर्धा इंच

घराचा मालक कुवेतला किंवा दुबईला आणि बांधकाम गावात, हे आपल्या कोकणातल्या घरांना नवं नाही. पैसे तिकडून येतात, पण मिस्त्रीसमोर उभं राहावं लागतं अम्मीला, भाभीला, नाहीतर कॉलेजातून आलेल्या बहिणीला. पाया, कॉलम, स्लॅब यांच्या वेळी इंजिनिअर येऊन जातो. गिलाव्याच्या वेळी सहसा कुणी फिरकत नाही. व्हिडिओ कॉलवर तर प्रत्येक भिंत सरळच दिसते. मग रंगारी येतो, भिंतीवरून हात फिरवून नाक मुरडतो आणि भांडणाला तोंड फुटतं. तोवर गिलावा करणारा दुसऱ्या गावी कामाला लागलेला असतो.

म्हणून काय मागणं रास्त आणि काय नाही, हे काम सुरू होण्याआधीच माहीत असलेलं बरं.

आतल्या विटांच्या भिंतीवर गिलावा साधारण बारा मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच जाड असतो. त्याला एक भाग सिमेंट आणि सहा भाग वाळू. बाहेरच्या भिंतीला पाऊस सोसायचा असतो, तिथे एकास चार, दोन थर मिळून वीस मिलिमीटरच्या आसपास. अर्धा इंच जाडीने आतल्या शंभर चौरस फुटांना सिमेंटचं जवळजवळ पाऊण पोतं लागतं. हा हिशेब आठवीतलं पोरही करून दाखवील, त्याच्याकडून करूनच घ्या. त्याच्या दुप्पट सिमेंट जाऊ लागलं, तर लगेच मिस्त्रीवर चोरीचा संशय घेऊ नका. आधी ओळंबा सोडून पाहा. विटांची भिंतच वर-खाली इंचभर कलली असेल, तर तो वाक गिलाव्यातच भरून काढावा लागतो. जाडी वाढते, थर दोन द्यावे लागतात, मजुरीही वाढते. विटकाम दुसऱ्याने केलं असेल, तर त्याचा हिशेब गिलावा करणाऱ्याच्या माथी मारणं हा सरळ अन्याय आहे. गिलाव्याआधी दोघांनी मिळून भिंती तपासायच्या आणि जादा जाडीचं काय करायचं ते तेव्हाच ठरवायचं.

त्याच्याकडून मात्र इतकं हक्काने मागा. भिंत आदल्या दिवशी भिजवलेली असावी. काँक्रीटच्या गुळगुळीत कॉलम-बीमवर टाचे मारलेले असावेत, नाहीतर माल धरत नाही. वीट आणि काँक्रीट जिथे मिळतात तिथे दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जाईल अशी तारेची जाळी ठोकलेली असावी. ही जाळी पुढे कधीच दिसत नाही, म्हणूनच ती वगळली जाते. गिलावा चढण्याआधी मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवा. वायरिंगच्या पाइपांसाठी भिंत फोडायची असेल तर तीही आधीच फोडून, बुजवून घ्यावी. गिलावा झाल्यावर इलेक्ट्रिशियनने घातलेल्या घावांना गिलावा करणारा कसा जबाबदार?

कालवलेल्या मालाकडे लक्ष ठेवा. सिमेंटला पाणी लागलं की साधारण अर्ध्या तासात तो माल भिंतीवर जायला हवा. जेवणाच्या सुट्टीआधी कालवलेल्या घमेल्यात सुट्टीनंतर पुन्हा पाणी घालून तोच माल वापरताना दिसला, तर तिथेच थांबवा. शेवटी घाईत ओल्या भिंतीवर कोरडं सिमेंट फासून घोटण्याची सवयही वाईट. त्या दिवशी भिंत चकचकीत दिसते, महिन्याभरात तिच्यावर जाळं पसरतं.

वाळूबद्दल बोलायचं तर दोष बहुतेक वेळा आपलाच. खाडीची वाळू स्वस्तात मिळाली म्हणून न धुता टाकली, तर मिठामुळे भिंतीला लोणा लागणार आणि रंग पापुद्र्यांनी सुटणार. मातीची वाळूही तशीच. माल मालकाने पुरवायचा असेल, तर मालाचा दोष मालकाचा.

सफाईबाबत आपल्या अपेक्षा फार वाढल्या आहेत. शहरातल्या फ्लॅटच्या आरशासारख्या भिंती आपण पाहतो, पण त्या पुट्टीच्या किंवा जिप्समच्या असतात. वाळू-सिमेंटचा गिलावा हाताला थोडा खरखरीत लागतोच. सहा फुटी सरळ पट्टी भिंतीला लावली आणि मागे तीन-चार मिलिमीटरची फट दिसली, तर माझ्या मते तक्रार करू नये. बोट जाण्याइतकी दिसली तर जरूर करावी. रात्री टॉर्च भिंतीला चिकटवून पाहू नका, अशा उजेडात चांगल्या कारागिराचीही भिंत समुद्रासारखी दिसते. कोपरे गुण्यात आहेत का, दारा-खिडक्यांच्या कडा सरळ आहेत का, हे दिवसाच्या उजेडात पाहा. नाण्याने ठोकत फिरा. पोकळ आवाज आला तर गिलाव्याने भिंत सोडली आहे, तेवढा भाग काढून पुन्हा करून मागा. आठवड्यानंतर खिळ्याने हलकं ओरखडून पाहा, वाळू भुरभुर गळता कामा नये.

भेगांचा प्रश्न अवघड. आमच्या ओळखीच्या एका घरी भर मे महिन्यात गिलावा झाला. विहीर आटलेली, टँकर तीन दिवसांनी यायचा, भिंतींवर पाणी पडलं ते तेव्हाच. पंधरा दिवसांत केसासारख्या भेगा दिसल्या आणि घरच्यांनी मिस्त्रीचे उरलेले पैसे अडवले. मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनी मध्ये पडून एकच विचारलं, सात दिवस पाणी मारायचं काम कुणाकडे होतं? ते ठरलेलंच नव्हतं. गिलावा किमान सात दिवस ओला राहायला हवा. ठेक्यात पाणी मारणं धरलं नसेल, तर ते घरच्यांनाच करावं लागतं. मिस्त्रीला पैसे मिळाले, पण तो त्या घरी परत आला नाही. केसाएवढ्या भेगा पुट्टीत बुजतात. नखात अडकणारी, वीट-काँक्रीटच्या सांध्यावरून सरळ धावणारी भेग मात्र जाळी नसल्याची खूण असते, तिथे त्याला बोलावणं रास्त.

आता पैशांचं. मजुराची मजुरी केव्हा द्यावी, हे आपल्या घरांत कुणाला शिकवावं लागत नाही. मग काही रक्कम राखून ठेवणं बरोबर का, असं एका वाचक भगिनीने विचारलं होतं. रोजंदारीवरच्या बिगाऱ्याचे पैसे त्याच संध्याकाळी द्यायचे, त्यात पण-परंतु नाही. ठेकेदार-मिस्त्रीच्या एकूण रकमेतला लहानसा भाग पाणी मारून, तपासणी होईपर्यंत ठेवायचा असेल, तर तो काम सुरू होण्याआधी, त्याच्या राजीखुशीने ठरलेला आणि तारखेसह लिहिलेला हवा. काम झाल्यावर अचानक हात आखडायचा आणि त्याला राखीव रक्कम म्हणायचं, हे चालणार नाही. त्याच कागदावर मोजणीची रीतही लिहा. दारं-खिडक्या वजा करणार असाल, तर त्यांच्या आतल्या कडांचं कामही मोजून द्यावं लागेल. मोठी भांडणं याच ओळीवरून होतात.

गिलावा झाल्यावर रंगाऱ्याला निदान तीन-चार आठवडे आत येऊ देऊ नका, ईद तोंडावर आली असली तरी. आणि पहिल्या पावसात कोपऱ्यात ओल दिसली, तर मिस्त्रीला फोन करा, पण तो आल्यावर भिंतीकडे बोट दाखवण्याआधी त्याला घेऊन गच्चीवर जा. पाणी साधारण तिथून उतरतं, आणि गळती गिलाव्याने बंद होत नाही.