घर गहाण ठेवण्याचा हंगेरीचा कायदा : नोंद पक्की, पण हप्त्याचे काय?

घरकर्ज थकले की बँक घर विकायला काढू शकते, हे जवळपास सगळीकडे सारखेच. पण बँकेला हा हक्क कधी मिळतो आणि तो वापरताना कर्जदाराला संरक्षण काय, हे प्रत्येक देशात वेगळे असते. हंगेरीत या बाबतीतला कायदा चांगलाच काटेकोर आहे. तरीही तिथले लाखो कर्जदार परकीय चलनातील कर्जांच्या सापळ्यात अडकले. असे का झाले, ते समजून घेऊया.

गहाण कधी अस्तित्वात येते?

हंगेरीची सध्याची नागरी संहिता २०१३ मध्ये मंजूर झाली आणि १५ मार्च २०१४ पासून लागू आहे. त्यानुसार गहाणखतावर सही करून काम संपत नाही. सरकारी मालमत्ता नोंदवहीत नोंद झाली तरच घरावर गहाण चढते. आपल्याकडे घराचे मूळ दस्त बँकेत जमा करूनही गहाण होऊ शकते. तिथे तसे चालत नाही.

फायदा उघड आहे. घर घेण्याआधी शुल्क भरून उतारा काढला की कोणाचा बोजा आहे ते दिसते.

मग घर कोणाचे?

कर्जदाराचेच. मालकी त्याच्याकडे राहते, तो तिथे राहतो. बँका मात्र सहसा गहाणासोबत एक मनाईही नोंदवून घेतात : संमतीशिवाय घर विकायचे नाही आणि त्यावर नवा बोजा चढवायचा नाही.

एकाच घरावर दोन बँकांचे गहाण असेल, तर ज्याची नोंद आधी त्याचा हक्क आधी. समजा, घर ३ कोटी फोरिंटला विकले गेले आणि पहिल्या बँकेचे येणे अडीच कोटी आहे. मग दुसऱ्या बँकेच्या वाट्याला फार तर ५० लाख येतात, तिचे येणे कितीही असो.

हप्ते थकले तर?

हप्ता चुकला की घर आपोआप बँकेचे होईल, अशी अट आधीच करारात घातली तर ती रद्दबातल ठरते. बँकेला घर विकून आपले येणे वसूल करावे लागते. वर काही उरले तर ते मालकाचे; कमी पडले, तर उरलेले कर्ज साधारणपणे कर्जदाराच्या डोक्यावर राहते.

खरी मेख नोटरीच्या दस्तात आहे. हंगेरीतला नोटरी म्हणजे केवळ शिक्का मारणारा नव्हे. त्याला कायद्याने मोठे अधिकार दिले आहेत. त्याच्यासमोर कर्जाची कबुली दिलेली असेल, तर कर्ज थकल्यावर बँकेला दावा लढवत बसावे लागत नाही. नोटरीने दस्तावर अंमलबजावणीचा शेरा दिला की प्रकरण थेट वसुलीला जाते.

मग घोडे कुठे अडले?

२००८ च्या आधी हजारो कुटुंबांनी स्विस फ्रँकमध्ये कर्ज घेतले, कारण फोरिंटपेक्षा त्याचे व्याज कमी होते. पगार मात्र फोरिंटमध्येच. २००८ च्या मध्यावर एक फ्रँक साधारण १५० फोरिंटला मिळत होता; २०११ च्या अखेरीस तो २५० च्या पुढे गेला. म्हणजे ४०० फ्रँकचा हप्ता ६० हजार फोरिंटवरून १ लाखावर. घर तेच, सही तीच आणि हप्ता जवळपास पावणेदोन पट.

२०११ मध्ये सरकारने १८० फोरिंट दराने एकरकमी कर्ज फेडण्याची मुभा दिली, पण ती हाताशी रोकड किंवा नवे कर्ज मिळवण्याची पत असलेल्यांच्याच कामी आली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, विनिमय दराची जोखीम मुळात कर्जदाराचीच. बँकेने ती स्पष्ट समजावली नसेल तरच गोष्ट वेगळी. त्याच वर्षी कायदा करून ही घरकर्जे फोरिंटमध्ये बदलण्यात आली, एका फ्रँकला सुमारे २५६ फोरिंट या दराने. जानेवारी २०१५ मध्ये फ्रँक ३०० च्या वर उसळला, तेव्हा हे कर्जदार त्या धक्क्यातून वाचले. आधीच्या वाढीचा भार मात्र त्यांच्याच माथी राहिला.

यातून काय घ्यायचे?

नोंदवही चोख होती, वसुलीही वेगवान होती. पण या दोन्ही गोष्टी प्रामुख्याने कर्ज देणाऱ्याला निर्धास्त करतात. हप्ता उद्या किती होईल, हे कर्जदाराला कोणत्याही उताऱ्यावर दिसत नाही. वसुली जितकी सोपी, तितकी कर्ज देताना जोखीम आकड्यांत मांडून सांगण्याची बँकेची जबाबदारी मोठी हवी. हंगेरीत त्याची आठवण कायद्याला उशिरा झाली आणि तोवरच्या वाढलेल्या हप्त्यांची किंमत कुटुंबांनी मोजली. घरकर्जाच्या कागदावर सही करणाऱ्याने म्हणूनच व्याजाच्या दराआधी एक प्रश्न विचारावा : दर फिरला तर माझा हप्ता किती होईल? बँकेने त्याचे उत्तर तोंडी न देता लेखी द्यायला हवे.