शनिवारची संध्याकाळ मुलींची

पोटासाठी परमुलखात गेलेल्या कुटुंबात सर्वांत जास्त कोंडमारा होतो तो वयात येणाऱ्या मुलीचा. बापाला कामावर चार माणसे भेटतात. आईला आपल्या भाषेतल्या शेजारणी मिळतात. मुलगे नाक्यावर उभे राहतात. मुलीने मात्र जायचे कुठे? कामावरून सुटली की घर, आणि घरी धाकट्या भावंडांचे करायचे. अशा मुलींना सार्वजनिक ग्रंथालय किती आधार देऊ शकते, हे अमेरिकेतील बोस्टन शहराच्या एका जुन्या उदाहरणावरून कळते.

सव्वाशे वर्षांपूर्वी बोस्टनच्या नॉर्थ एंड भागात इटलीतून आणि रशियाकडून आलेली गरीब कुटुंबे दाटीवाटीने राहत होती. रशियाकडून आलेली बहुतेक माणसे ज्यू. धर्मावरून होणाऱ्या छळामुळे त्यांनी देश सोडला होता. घरात पैशांची ओढ, म्हणून अनेक मुली चौदाव्या-पंधराव्या वर्षी शाळा सोडून कामाला लागत.

याच वस्तीतील एका औद्योगिक शाळेत वाचनाची खोली होती. तेथे बोस्टन सार्वजनिक ग्रंथालयाची पुस्तके येत. खोलीची देखरेख एडिथ गेरिअर या तरुणीकडे होती. १८९९ साली तिच्या देखरेखीखाली मुलींचे वाचनमंडळ सुरू झाले. मुली वाढल्या तसे वयाप्रमाणे गट पडले आणि प्रत्येक गटाला आठवड्यातली एक संध्याकाळ नेमून दिली गेली. सर्वांत मोठ्या मुलींच्या वाट्याला शनिवार आला. म्हणून त्यांचे नावच पडले ‘सॅटर्डे इव्हनिंग गर्ल्स’, म्हणजे शनिवार-संध्याकाळच्या मुली.

तेथे पुस्तकांवर चर्चा होई, व्याख्याने होत, गाणी आणि नाटकेही बसवली जात. इटालियन आणि ज्यू मुली एकत्र बसत. रात्री बाहेर जायचे म्हटल्यावर कोणत्याही आईच्या काळजात धस्स होते. पण मुलगी वाचनालयात गेली आहे, तेथे एक जबाबदार बाई आहे आणि सोबत शेजारच्याच मुली आहेत, हे ठाऊक असले म्हणजे आईचा जीव थाऱ्यावर राहतो. मुलींची ये-जा चालू राहण्यात या भरवशाचा मोठा वाटा असतो.

हेलन स्टॉरो या धनिक बाईंनी या कामाला पैसा पुरवला. १९०८ साली मुलींसाठी एक इमारत घेतली गेली आणि तेथे मातीची भांडी बनवण्याचा उद्योग सुरू झाला. कारखान्यांत मुली तासन्‌तास राबत असत त्या काळात येथे कामाचे तास आठ होते आणि पगारी सुट्टीही मिळे. भांड्यांवर चित्रे काढताना मुलींना पुस्तके वाचून दाखवली जात. उद्योग नफ्यात चालला नाही आणि १९४२ साली बंद झाला. पण त्यांची भांडी आज संग्रहालयांत मानाने ठेवलेली आहेत. १९१२ ते १९१७ या काळात मुलींनी स्वतःचे वार्तापत्रही चालवले.

या कामाला दुसरी बाजूही होती. पैसा दुसऱ्याचा होता. शिवाय बाहेरून आलेल्यांनी लवकरात लवकर ‘अमेरिकन’ व्हावे, असा त्या काळच्या सुधारकांचा आग्रह असे. मग मुलीची स्वतःची भाषा, तिच्या आजीच्या गोष्टी, तिचा समाज यांना ग्रंथालयात जागा कुठे?

या प्रश्नाचे उत्तर याच मंडळातील एका मुलीने दिले. फॅनी गोल्डस्टीन लहानपणी रशियन साम्राज्यातून बोस्टनला आली. वडील वारले, घर चालवायला हातभार लावायचा म्हणून तिचे शिक्षण अर्धवट राहिले. शनिवारच्या मंडळाने तिला वाचनाची गोडी लावली. मंडळाच्या वार्तापत्राचे संपादनही तिने केले. पुढे ती ग्रंथालयातच नोकरीला लागली आणि १९२२ साली वेस्ट एंड शाखेची प्रमुख झाली. १९२५ साली तिने आपल्या शाखेत ज्यू समाजाच्या पुस्तकांचे प्रदर्शन मांडले. तिची ही कल्पना पुढे देशभर उचलली गेली आणि ‘ज्यू पुस्तक सप्ताह’ ठिकठिकाणी साजरा होऊ लागला. एके काळी जी मुलगी पाहुणी म्हणून आली, तिनेच त्या घरात आपल्या माणसांसाठी फळी राखून ठेवली.

नुसती कपाटे भरून ग्रंथालय मुलींचे होत नाही. त्यांच्यासाठी राखलेली वेळ हवी, नावाने हाक मारणारे माणूस हवे आणि त्यांच्या घरच्या भाषेतले चार शब्द फळीवर दिसायला हवेत.

आपल्या घराजवळच्या वाचनालयात संध्याकाळी एकदा डोकावून पाहा. बाकांवर मुली किती बसल्या आहेत ते मोजा. एकही दिसली नाही, तर पुढच्या शनिवारी आपल्या मुलीला आणि तिच्या दोन मैत्रिणींना घेऊन जा. पहिल्या दिवशी आईने सोबत बसावे. पुढचे दिवस मुली आपापल्या सांभाळतील.