न्यायाविना न्यायमंदिर

मुंबईच्या हायकोर्टाचे बिऱ्हाड आता वांद्र्याला हलायचे आहे. नव्या संकुलाची कोनशिला ५ नोव्हेंबर २०२५ रोजी बसली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. जुन्या इमारतीत वकिलांना बसायला जागा नाही आणि पक्षकार व्हरांड्यात ताटकळतात, हे कोण नाकारील? माझे भांडण आहे ते, कोर्ट हलले की या वास्तूचे छानसे संग्रहालय करून टाकावे, असे म्हणणाऱ्यांशी.

अहो, ही वास्तू म्हणजे काही रिकामा शिंपला नव्हे! कर्नल फुलर यांनी १८७१ ते १८७८ या काळात ती बांधली ती कोर्टासाठीच. अष्टकोनी बुरुजांवर न्याय आणि दया यांच्या मूर्ती उगाच उभ्या नाहीत. गॉथिक ही थंड मुलखाची शैली, आपल्याकडे उपरी, असा एक शेरा नेहमी ऐकू येतो. शेरा मारणाऱ्याने दुपारी पश्चिमेच्या व्हरांड्यात उभे राहून पाहावे. वास्तू उभी राहिली तेव्हा समोर मैदान होते आणि त्यापलीकडे समुद्र. पुढे भराव घालून आपणच तो मागे रेटला.

आणि ते माकड! एका डोळ्यावर पट्टी, हातात तराजू. दावा हरलेल्या ठेकेदाराने असा सूड उगवला म्हणतात. दंतकथाच ती. पण एवढ्या वर्षांत कुणा न्यायमूर्तीने छिन्नी मागवून ते तासून टाकले नाही, हे मला त्या शिल्पाहून मोठे वाटते.

याच वास्तूत १९०८ साली न्या. दावर यांनी टिळकांना सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा सुनावली. त्याच दालनाबाहेर १९५६ साली मुख्य न्यायाधीश छागला यांनी, शिक्षेपूर्वी टिळकांनी काढलेले उद्गार कोरलेली शिला अनावृत केली. ज्या कोर्टाने शिक्षा दिली, त्याच कोर्टाने आरोपीचे शब्द आपल्या दारावर लावून घेतले. हे चालत्या कोर्टालाच साधते. संग्रहालयात तीच शिला म्हणजे तिकीट काढून पाहायचा एक दगड.

२०१८ साली युनेस्कोने या परिसराला जागतिक वारसा ठरवले. उत्तम! म्हणजे दगडांची चिंता मिटली. मी मागतो आहे ते एक दालन. नव्या संकुलात खुशाल चाळीस दालने बांधा. पण टिळकांच्या दालनात न्यायासन राहू द्या. तिथे पट्टेवाल्याने नाव पुकारावे, आणि कुणा कुळाच्या दोन एकरांचा दावा त्या शिलेच्या पलीकडे उभा राहावा.